पानावरचा निळा डाग आणि प्राध्यापक झाक्स

आयोडीनचा प्रयोग बहुतेकांनी शाळेत केलेला किंवा निदान पाहिलेला असतो. कुंडीतली जास्वंद एक-दोन दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवायची. मग एका पानावर काळ्या कागदाची पट्टी दोन्ही बाजूंनी लावून कुंडी उन्हात आणायची. दुपारनंतर ते पान तोडून आधी उकळत्या पाण्यात बुडवायचं, मग स्पिरिटच्या परीक्षानळीत घालायचं आणि ती नळी गरम पाण्याच्या भांड्यात उभी करायची. स्पिरिट चटकन पेट घेतं, म्हणून नळी कधीही थेट ज्योतीवर धरायची नाही. हळूहळू स्पिरिट हिरवं होतं आणि पान पांढुरकं, कडक होतं. पाण्यात जरा मऊ करून त्यावर आयोडीनचे थेंब टाकले की ऊन लागलेला भाग निळा-काळा होतो आणि पट्टीखालचा भाग पिवळट राहतो.

वनस्पतिशास्त्र शिकवताना मी हा प्रयोग वर्षानुवर्षं मुलांकडून करून घेतला. जुलैतल्या झाकोळलेल्या दिवसांत रंग फिका यायचा. एकदा एका मुलीनं घरून कांद्याची पात आणली. तिच्यावर निळा रंग चढेचना. ती रडवेली झाली, पण तिचा प्रयोग चुकला नव्हता. आयोडीननं निळा होतो तो स्टार्च, म्हणजे पिष्ट; आणि कांद्याच्या पातीत साठा स्टार्चच्या रूपात नसतो, साखरेच्या रूपात असतो. पाठ्यपुस्तकात नसलेली एक खरी गोष्ट त्या दिवशी सगळ्या वर्गाला कळली.

या प्रयोगामागच्या माणसाचं नाव मात्र प्रयोगवहीत कुठे येत नाही. ते नाव युलिउस झाक्स. जर्मन प्राध्यापक, जन्म १८३२, मृत्यू १८९७. वनस्पती-शरीरक्रियाशास्त्र हा विषय आज ज्या रूपात शिकवला जातो, त्याचा मोठा भाग या एका माणसाच्या हातून घडला. असं असूनही त्यांच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा लेख.

आधी त्या लांबलचक शब्दाचा अर्थ पाहू. झाडाला नाव देणं, त्याचं कुळ ठरवणं, पान-फूल दाबून कागदावर चिकटवून जपणं हे एक काम. झाड पाणी कसं ओढतं, अन्न कुठे तयार करतं, मूळ खाली आणि खोड वर का जातं, फुलायची वेळ त्याला कशी कळते, हे शोधणं दुसरं काम. या दुसऱ्या कामाला वनस्पती-शरीरक्रियाशास्त्र म्हणतात. झाक्स तरुण होते तेव्हा वनस्पतिशास्त्र म्हणजे मुख्यतः पहिलंच काम होतं. दुसऱ्या बाजूचे महत्त्वाचे प्रयोग झाले होते, पण तुटक. सतराव्या शतकात हेल्मोंट यांनी विलोचं झाड पाच वर्षं कुंडीत वाढवून तोललं. झाड १६४ पौंडांनी वाढलं आणि माती जेमतेम दोन औंस कमी झाली, तेव्हा झाड माती खाऊन वाढत नाही हे उघड झालं. १७७९ मध्ये इंगेनहाउझ यांनी दाखवलं की हवा शुद्ध करण्याचं काम झाडाचे हिरवे भागच करतात आणि तेही उजेडातच. म्हणजे पान हवेतून काही घेतं आणि काही सोडतं हे ठाऊक होतं. पण पानाच्या आत नेमकं काय तयार होतं आणि कुठे, हे कुणी डोळ्यांना दिसेल असं मांडलं नव्हतं.

झाक्स ब्रेस्लाउचे. ते शहर आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्सवाफ आहे. वडील नक्षी कोरणारे कारागीर, घरची परिस्थिती बेताची. वडिलांसोबत बसून मुलगा लहानपणीच रेखाटायला शिकला. पुढे त्यांच्या पुस्तकांतल्या आकृत्या इतक्या नेमक्या उतरल्या की कित्येक दशकं इतरांच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्या नकला छापल्या जात होत्या. १८४८ मध्ये वडील गेले, पुढच्या वर्षी आई गेली. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला शाळा सोडावी लागली.

मदतीला आले यान पुर्किन्ये. प्राण्यांच्या शरीरक्रियाशास्त्रातलं हे त्या काळचं फार मोठं नाव. मेंदूतल्या एका प्रकारच्या पेशींना आजही त्यांच्याच नावानं ओळखतात. त्यांची मुलं आणि झाक्स एकमेकांचे मित्र होते. पुर्किन्ये ब्रेस्लाउ सोडून प्रागला गेले आणि १८५१ मध्ये त्यांनी या मुलाला चित्रं काढायला आणि हाताखाली काम करायला बोलावून घेतलं. झाक्स यांनी प्रागमध्येच विद्यापीठाचं शिक्षण केलं, १८५६ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि दुसऱ्याच वर्षी वनस्पती-शरीरक्रियाशास्त्र शिकवण्याची परवानगी मिळवली. या काळातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वनस्पतींकडे वळण्याआधी झाक्स जिवंत प्राण्याच्या शरीरावर प्रयोग करणाऱ्या माणसाच्या प्रयोगशाळेत वाढले होते. झाड हेही चालणारं, श्वास घेणारं, अन्न पचवणारं शरीर आहे, ही दृष्टी त्यांना तिथे मिळाली असणार.

१८५९ मध्ये ते ड्रेस्डेनजवळच्या टारांटला शेती आणि वनशिक्षणाच्या संस्थेत सहायक म्हणून रुजू झाले. शेतीच्या संस्थेत प्रश्नही शेतीचेच: पिकाला जमिनीतून नेमकं काय लागतं? मातीत अडचण अशी की तिच्यात सगळंच मिसळलेलं असतं. एखादी गोष्ट काढून टाकून पाहायची म्हटलं तरी काढता येत नाही. झाक्स यांनी मातीच काढून टाकली. मक्याचं आणि वालाच्या जातीतलं बी रुजवून त्यांनी रोपं काचेच्या बरणीत, क्षार विरघळवलेल्या पाण्यात वाढवली. बुचाला भोक पाडून रोप त्यात अडकवलेलं, मुळं पाण्यात, पानं वर. १८६० च्या सुमारास त्यांचं मिश्रण असं होतं: एक लिटर पाण्यात १ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, कॅल्शियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि कॅल्शियम सल्फेट प्रत्येकी अर्धा ग्रॅम, पाव ग्रॅम मीठ आणि लोहाच्या क्षाराचा अंश. एवढ्यावर रोप मोठं होत होतं. त्याच सुमारास विल्हेल्म क्नोप हे दुसरे जर्मन शास्त्रज्ञही याच वाटेनं चालले होते आणि त्यांचं मिश्रण पुढे जास्त वापरात आलं. आज पॉलीहाउसमध्ये मातीविना पालेभाज्या घेतात, त्याचं मूळ या बरण्यांत आहे.

बरणीतून एकेक क्षार वगळून पाहिला की झाड स्वतःच उत्तर देतं. लोह वगळलं तर काय होतं हे पाहण्यासारखं आहे. मक्याची पहिली पानं हिरवी येतात, कारण बियाण्यातली शिदोरी असते. ती संपली की पुढची पानं पिवळट आणि मग पार पांढरी निघतात. त्या पाण्यात लोहाचा थोडासा क्षार टाकला की काही दिवसांत पानं हिरवी होऊ लागतात.

आपल्याकडचा ऊस उत्पादक हे वाचून लगेच ओळखेल. चुनखडीच्या रानात उसाचं कोवळं पान असंच पांढरं-पिवळं पडतं, शेतकरी त्याला केवडा पडला म्हणतात आणि हिराकस फवारतात. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचाच क्षार. अशा जमिनीत लोह नसतं असं नाही. चुनखडीमुळे ते अविद्राव्य रूपात अडकून बसतं आणि मुळाला घेता येत नाही. बरणीत ते नव्हतं म्हणून रोप पांढरं पडलं, रानात ते असूनही मिळत नाही म्हणून ऊस पांढरा पडतो. झाडाच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच.

झाक्स यांच्या यादीत जस्त, बोरॉन, मँगनीज, तांबं यांचा पत्ता नाही. तरीही रोपं वाढली, कारण त्यांचे क्षार आजच्याइतके शुद्ध नव्हते. त्यात या मूलद्रव्यांचे अंश आपोआप मिसळलेले होते आणि झाडाला तेवढे पुरत होते. विसाव्या शतकात रसायनं पुरेशी शुद्ध मिळू लागली तेव्हा कुठे ही 'सूक्ष्म अन्नद्रव्यं' उघडकीला आली.

मुळांचा आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. कुंडीच्या तळाशी गुळगुळीत घासलेली संगमरवराची फरशी ठेवायची, वर माती भरायची आणि बी पेरायचं. मुळं खाली जाऊन फरशीवर पसरतात. काही आठवड्यांनी फरशी काढून धुतली की मुळांचा अख्खा नकाशा दगडात कोरलेला दिसतो. मुळातून बाहेर पडणाऱ्या आम्लधर्मी द्रव्यांनी संगमरवर विरघळलेला असतो. मूळ म्हणजे नुसतं पाणी ओढणारी नळी असती, तर दगडावर रेघ उमटली नसती.

१८६१ मध्ये ते बॉनजवळच्या पॉपेल्सडॉर्फच्या शेतकी महाविद्यालयात गेले. निळ्या डागाचं काम इथलं. पानातल्या हरितद्रव्याच्या कणांमध्ये, म्हणजे आपण ज्यांना हरितलवकं म्हणतो त्यांत, स्टार्चचे बारीक दाणे असतात हे सूक्ष्मदर्शकाखाली इतरांनी आधीच पाहिलं होतं. झाक्स यांनी त्या दाण्यांवर पाळत ठेवली. झाड अंधारात ठेवलं की दाणे नाहीसे होतात, पुन्हा उजेडात आणलं की त्याच जागी परत दिसतात. अर्धं पान झाकलं तर उघड्या अर्ध्यातच होतात. म्हणजे स्टार्च मुळातून वर आलेला नाही; उजेड पडला तिथेच, त्याच हिरव्या कणात तयार झालेला आहे. अन्न तयार होण्याची जागा अशी पहिल्यांदा बोटानं दाखवता येऊ लागली.

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण मुलांचा गोंधळ नेमका इथे होतो. पान उजेडात आधी साखर बनवतं. साखर पाण्यात विरघळते आणि झाडभर वाहून जाते. पण भर दुपारी साखर इतक्या वेगानं तयार होते की ती सगळी तेव्हाच बाहेर पाठवता येत नाही. उरलेली साखर पान स्टार्चच्या रूपात तिथल्या तिथे साठवतं. स्टार्च विरघळत नाही, त्यामुळे तो जागचा हलत नाही आणि पेशीत पाण्याचा दाबही वाढवत नाही. सुगीतलं धान्य कणगीत भरावं तसंच हे. रात्री कणगी उघडते, स्टार्चची पुन्हा साखर होते आणि मुळांना, कोंबांना, फळांना पोचते. म्हणून निरोगी झाडाचं पान संध्याकाळी तपासलं तर आयोडीननं गडद होतं आणि तेच भल्या पहाटे तपासलं तर फिकं राहतं. प्रयोगाआधी कुंडी अंधारात का ठेवायची, याचं उत्तरही हेच: कालची कणगी रिकामी करायला. अलीकडच्या संशोधनातून कळलं की काही झाडं हा साठा रात्रभर बेतानं, पहाटेपर्यंत पुरेल अशा वेगानं वापरतात आणि संध्याकाळ लवकर झाली तर वेगही कमी करतात.

झाक्स यांनी हे पुढे वजनातही मांडलं. १८८४ मध्ये त्यांनी सूर्यफुलासारख्या मोठ्या पानांच्या झाडांवर मापं घेतली. सकाळी पानाचा अर्धा भाग मध्यशिरेच्या एका बाजूनं कापून, ठरावीक क्षेत्रफळाचे तुकडे काढून, सुकवून तोलायचे. उरलेलं अर्धं पान झाडावर उन्हातच ठेवायचं आणि संध्याकाळी तेवढ्याच क्षेत्रफळाचे तुकडे तोलायचे. वजनात पडलेला फरक ही त्या पानाची दिवसभराची कमाई. त्यासाठी एक तराजू, एक भट्टी आणि एक सूर्यफूल पुरे.

१८६७ मध्ये फ्रायबुर्ग आणि १८६८ मध्ये व्युर्ट्सबर्ग. तिथून ते हलले नाहीत. मोठमोठ्या विद्यापीठांची बोलावणी आली, ती त्यांनी नाकारली. एका लहानशा शहरातली ही प्रयोगशाळा पुढे युरोपभरच्या तरुणांची पंढरी झाली. विल्हेल्म फेफर इथे होते, त्यांनी परासरणाचा दाब मोजला. नेदरलँड्सचे ह्युगो द व्हरीस इथे शिकले, ज्यांनी १९०० मध्ये विस्मृतीत गेलेले मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आणले. इंग्लंडहून सिडनी व्हाइन्स आले आणि इथली पद्धत केंब्रिजला घेऊन गेले. झाक्स व्याख्यानात जिवंत झाड समोर ठेवून बोलत. मुळं वाढताना दिसावीत म्हणून ते तिरप्या काचेची पेटी वापरत. मूळ खाली जाताना काचेला टेकतं आणि रोज किती पुढे गेलं ते बाहेरून दिसतं. कोवळ्या मुळावर शाईनं एक-एक मिलिमीटरवर खुणा करून त्यांनी दाखवलं की मूळ सगळीकडे सारखं लांबत नाही. टोकाच्या थोडं मागे, काही मिलिमीटरच्या पट्ट्यातच खुणा एकमेकींपासून दूर जातात. हा प्रयोग घरी भिजवलेल्या वालाला मोड आणूनही करता येतो, आणि मी सांगेन की कराच.

त्यांच्या पुस्तकांनी तर विषयच बांधून काढला. १८६५ मध्ये प्रायोगिक शरीरक्रियाशास्त्राचा ग्रंथ, १८६८ मध्ये वनस्पतिशास्त्राचं पाठ्यपुस्तक, १८७५ मध्ये वनस्पतिशास्त्राचा इतिहास, १८८२ मध्ये व्याख्यानं. पाठ्यपुस्तकाचं इंग्रजी भाषांतर झालं आणि इंग्रजी जगातल्या विद्यार्थ्यांपर्यंत ही पद्धत पोचली.

आता एक दुखरी गोष्ट. ती टाळली तर हा माणूस अर्धाच कळेल.

चार्ल्स डार्विन यांचा मुलगा फ्रान्सिस व्युर्ट्सबर्गला झाक्स यांच्याकडे काम शिकायला गेला होता. इकडे इंग्लंडमधल्या डाउन गावच्या घरी बाप-लेक मिळून झाडांच्या हालचालींवर प्रयोग करत होते. मूळ आडवं ठेवलं तर ते खाली वळतं, हे सगळ्यांना माहीत होतं. डार्विन पिता-पुत्रांनी मुळाचं अगदी टोक काढून टाकलं. मूळ वाढत राहिलं, पण खाली वळलं नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की 'खाली कुठे' हे कळतं टोकाला आणि वळतो टोकामागचा भाग, म्हणजे टोकाकडून मागे काहीतरी निरोप जातो. १८८० मध्ये हे प्रसिद्ध झालं.

झाक्स खवळले. गुरुत्वाचा परिणाम थेट वाढणाऱ्या भागावरच होतो असं त्यांचं मत होतं. त्यांच्या सहायकानं प्रयोग करून पाहिला आणि टोक कापलं तरी मूळ वळतं असं कळवलं. १८८२ च्या व्याख्यानांत झाक्स यांनी डार्विन यांचे प्रयोग अकुशल हातांनी केलेले आणि चुकीचा अर्थ लावलेले आहेत असं लिहिलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चार्ल्स डार्विन वारले. फ्रान्सिस आणि झाक्स यांची मैत्री या वादात संपली.

डार्विन बरोबर होते. हा प्रयोग नाजूक आहे. मुळाच्या टोकावर पेशींची एक टोपी असते, तिला मूलटोपी म्हणतात. ती पुरती निघाली नाही तर मूळ वळतंच. पुरती निघाली तरी दोन-तीन दिवसांत नवी येते आणि मूळ पुन्हा वळू लागतं. म्हणजे किती कापलं आणि कधी पाहिलं यावर सगळं अवलंबून आहे. हे बारकावे झाक्स यांच्याइतके दुसऱ्या कुणाला समजले असते? ज्या माणसानं आयुष्यभर झाडालाच विचारलं, त्यानं इथे विचारणाऱ्याचा दर्जा पाहिला. घरच्या बागेतला हौशी माणूस आपल्याला काय शिकवणार, असा सूर त्या ओळींत आहे, आणि तो वाचताना मला आजही वाईट वाटतं. शिकवणाऱ्या माणसाला हा धोका रोजचा असतो. कांद्याची पात घेऊन आलेल्या मुलीला मी पटकन 'तुझं चुकलं' म्हटलं असतं, तर तेच झालं असतं.

त्यांचं आणखी एक मत टिकलं नाही. पाणी उंच झाडात वर चढतं ते लाकडाच्या पेशींच्या भिंतींतून झिरपत, असं ते मानत. पाणी पोकळ वाहिन्यांमधूनच, पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाच्या ओढीनं अखंड धाग्यासारखं वर खेचलं जातं, हे स्पष्टीकरण डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ मध्ये मांडलं आणि तेच आज शिकवलं जातं. उलट, झाडात फूल आणणारी काही खास द्रव्यं पानात तयार होऊन कोंबाकडे जात असावीत, हा त्यांचा तर्क दूरदृष्टीचा ठरला. १९३० च्या दशकात त्या द्रव्याला फ्लोरिजेन हे नाव मिळालं, आणि पानातून कोंबाकडे जाणारं ते प्रथिन विसाव्या शतकानंतर, २००७ मध्ये पक्कं सापडलं.

शेवटची वर्षं आजारपणात आणि एकटेपणात गेली. अति कामानं प्रकृती ढासळली होती, जुन्या शिष्यांशीही संबंध ताणले होते. २९ मे १८९७ रोजी व्युर्ट्सबर्गमध्येच ते गेले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०० मध्ये, नेमेत्स आणि हाबरलांट या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे एक गोष्ट मांडली. मूलटोपीच्या मधल्या पेशींत जड दाणे असतात. मूळ उभं असलं की ते पेशीच्या तळाशी बसलेले असतात. मूळ आडवं केलं की काही मिनिटांत ते घरंगळून नव्या तळाशी येतात, आणि त्यावरून मुळाला खाली कुठे ते कळतं. गवंड्याच्या ओळंब्यासारखं. पुढे ऑक्झिन नावाचं संप्रेरक सापडलं, आणि टोकाकडून मागे जाणारा निरोप तोच असल्याचं दिसून आलं.

ते दाणे स्टार्चचे असतात. झाड उपाशी ठेवलं तरी हा साठा सहसा खर्ची पडत नाही. वालाच्या मोडाचं टोक ब्लेडनं पातळ कापून काचपट्टीवर ठेवा, आयोडीनचा एक थेंब टाका आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. टोपीच्या मधोमध निळ्या-जांभळ्या ठिपक्यांची नीट रांग दिसते, प्रत्येक पेशीत खाली टेकलेली. जी परीक्षा झाक्स यांनी अख्ख्या जगाला शिकवली, तीच परीक्षा, तोच रंग.